गोळीबरोबर येतं ते

4 जानेवारी 2025, निपाणी

दुपारी अक्कोळची एक बाई माझ्या औषधाच्या दुकानात आली. घरी विड्या वळते. काउंटरला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "अक्का, ही गोळी घेतल्यापासनं डोळ्यापुढं चमक मारल्यागत होतंय. सुपातनं पान उचललं की त्याच्या मागनं अजून एक पान आल्यागत दिसतंय." सासूचं म्हणणं, उपाशीपोटी बसतेस म्हणून होतं. नवऱ्याचं म्हणणं, मनाचे खेळ आहेत.

चिठ्ठी बघितली. मूल राहण्यासाठी देतात ती क्लोमिफिन, 50 मिलिग्रॅम, पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून पाच दिवस. तीन गोळ्या संपल्या होत्या. मी म्हटलं, आजची घेऊ नका. काउंटरवरूनच तिच्या डॉक्टरांना फोन लावून दिला. त्यांनी गोळी बंद करायला आणि डोळे तपासून घ्यायला सांगितलं.

क्लोमिफिनचा हा परिणाम नवा नाही. अमेरिकेत 1967 साली या गोळीला परवानगी मिळाली, तेव्हापासून नजर धूसर होणं, चमका दिसणं, वस्तूमागे तिची छाया रेंगाळणं या तक्रारी नोंदलेल्या आहेत. फार थोड्यांना होतं, पण झालं तर गोळी थांबवायची आणि गाडी, यंत्र चालवायचं नाही, एवढं पक्कं ठरलेलं आहे. वाफा येणं, डोकं दुखणं, पोट गच्च वाटणं, चिडचिड हे त्याहून जास्त जणींना होतं. त्यालाही कारण आहे. ही गोळी मेंदूची फसगत करते. शरीरात इस्ट्रोजेन असूनही मेंदूला ते दिसू देत नाही, म्हणून मेंदू अंडाशयाला जोराने हुकूम सोडतो. इस्ट्रोजेन नाही असं मेंदूला वाटलं की पाळी जाणाऱ्या बाईसारख्या वाफा येणारच. तिशीच्या आतल्या पोरीला पन्नाशीचा त्रास पाच दिवसांत भेटतो आणि घरातले म्हणतात, मनाचे खेळ.

आजपासून या तक्रारी वहीत लिहायच्या. तारीख, औषध, कितवी गोळी, काय झालं. नाव नाही. तोंडी तक्रार दाराबाहेर पडली की विरून जाते.

9 जानेवारी

सौंदलग्याचा एक नवरा रात्री दुकान बंद करताना आला. कारखान्याचा हंगाम चालू आहे, पाळी सुटल्यावर थेट इकडे. हातात लेट्रोझोलची पट्टी आणि खोक्यातला घडीचा कागद. "ताई, खरं सांगा. माझ्या बायकोला कॅन्सर हाय का? डॉक्टर लपवायलेत का?"

कागदावर इंग्रजीत छापलेलं होतं ते त्याने मोबाइलवर शोधून काढलं होतं. पाळी गेलेल्या स्त्रियांच्या स्तनाच्या कर्करोगावरचं औषध. बायको अठ्ठावीसची. दोन दिवस त्याने तिला काही सांगितलं नव्हतं आणि जेवलाही नव्हता.

त्याला बसवलं, पाणी दिलं. गोळी मुळात कर्करोगासाठीच निघाली, हे खरं आहे असं आधी सांगितलं. लपवून काही उपयोग नाही. मग कसं चालतं ते सांगितलं. ही गोळी इस्ट्रोजेन तयारच होऊ देत नाही. कर्करोगात महिनोन्‌महिने तेच हवं असतं. इथे फक्त पाच दिवस. इस्ट्रोजेन कमी झालं की मेंदू अंडाशयाला चेतवतो, बीज वाढतं, आणि गर्भ रुजायची वेळ येईपर्यंत गोळी अंगातून बहुतेक निघून गेलेली असते. तिची अर्धी मात्रा साधारण दोन दिवसांत उतरते. क्लोमिफिनचा अंश मात्र काही आठवडे रेंगाळतो. थकवा आणि चक्कर लेट्रोझोलने जास्त येते, वाफा क्लोमिफिनने जास्त. हे बायकोला सांगा म्हटलं, म्हणजे उद्या चक्कर आली तर तीही तुमच्यासारखी घाबरणार नाही.

तो गेल्यावर बराच वेळ बसून होते. या एका गोळीचा इतिहास आपल्या देशात फार दुखरा आहे. 2001 मध्ये टोरांटोच्या मितवली आणि कॅस्पर या डॉक्टरांनी ती वंध्यत्वासाठी वापरून निष्कर्ष छापले. त्यानंतर दोनच वर्षांत भारतात 400हून अधिक स्त्रियांना ती सरकारी परवानगीशिवाय देऊन बघितल्याचं उघडकीला आलं. 2005 मध्ये मॉन्ट्रियलच्या एका परिषदेत कमी संख्येवर आधारलेला निबंध वाचला गेला, बाळांत हाडांचे आणि हृदयाचे दोष जास्त दिसतात असा. पुढच्याच वर्षी 911 बाळांची पाहणी छापून आली. त्यात लेट्रोझोलच्या बाळांत दोष 2.4 टक्के, क्लोमिफिनच्या बाळांत 4.8 टक्के. म्हणजे भीतीला आधार मिळाला नाही. तरी 12 ऑक्टोबर 2011 रोजी आपल्याकडे वंध्यत्वासाठी या गोळीवर बंदी आली. 2014 मध्ये अमेरिकेतल्या 750 स्त्रियांच्या चाचणीचा निकाल आला. पीसीओएस (बीज वेळेवर न फुटण्याचा विकार) असलेल्यांत लेट्रोझोलने 27.5 टक्के जणींच्या पदरात मूल पडलं, क्लोमिफिनने 19.1 टक्के. पुढे बंदी उठली, आणि आता पीसीओएसमध्ये जगभर हीच गोळी आधी देतात.

गोळी चांगली निघाली. म्हणून त्या 400 जणींना अंधारात ठेवणं बरोबर ठरत नाही. त्यांना काय झालं, चक्कर आली का, मूल झालं का, बाळ कसं निघालं, हे कुणी नीट मोजलं असतं तर पुढची दहा वर्षं भीती आणि बंदीत गेली नसती.

15 जानेवारी

संक्रांतीचे तिळगूळ वाटून झाले. एक मुलगी चिठ्ठीशिवाय क्लोमिफिन मागायला आली. "मैत्रिणीला लागू पडली, एका महिन्यात दिवस गेले." दिली नाही. सोनोग्राफीने नजर न ठेवता ही गोळी घेतली तर किती बीजं वाढतायत ते कळत नाही, आणि जुळ्यांची शक्यता या गोळीने शंभरात सातआठपर्यंत जाते. एरवी ती शंभरात एकदीड असते. जुळं म्हणजे लवकरची प्रसूती, कमी वजनाची बाळं, आईचा वाढलेला रक्तदाब. मुलगी रागावून गेली. समोरच्या दुकानात मिळालीही असेल.

25 जानेवारी

सहायक प्रजनन तंत्रज्ञानाचा कायदा लागू होऊन आज तीन वर्षं झाली. डिसेंबर 2021 मध्ये संसदेत मंजूर झाला, 25 जानेवारी 2022 पासून अमलात आला. त्यातलं एकविसावं कलम मी पुन्हा पुन्हा वाचते. उपचाराचे फायदे, तोटे, खर्च, वैद्यकीय दुष्परिणाम, जुळ्या-तिळ्यांचा धोका, यशाची शक्यता, हे सगळं जोडप्याला सांगणं ही उपचार केंद्राची जबाबदारी आहे. सौजन्य म्हणून सोडून दिलेलं नाही, कायद्यात लिहिलं आहे.

बीजांड देणाऱ्या स्त्रीसाठी तर नियम आणखी कडक. वय 23 ते 35, आयुष्यात एकदाच, सातपेक्षा जास्त बीजांडं काढायची नाहीत, आणि तिचा विमा उतरवायचा. हे नियम हवेतून आलेले नाहीत. 2010 मध्ये मुंबईत बीजांडं दिल्यानंतर एका अल्पवयीन मुलीचा मृत्यू झाला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. भंगाराच्या दुकानात काम करणारी पोर होती ती.

आमच्या भागातल्या जोडप्यांकडे संमतीचे जे कागद मी बघते ते इंग्रजीत असतात, आठ-दहा पानं, प्रत्येक पानावर सही. बोरगाव, गळतग्याची बाई मराठी वाचते, चिक्कोडी-हुक्केरीकडची कन्नड वाचते. ज्या भाषेत ती पोटदुखी सांगते त्या भाषेत तिला धोका सांगितला गेला पाहिजे. त्यापेक्षा कमी काही चालणार नाही असं मला वाटतं.

2 फेब्रुवारी

शेजारच्या गल्लीत हळदीकुंकू होतं. वाण देताना यजमानीणबाईंनी एका सुनेला सगळ्यांसमोर विचारलं, "काय गं, यंदा तरी गोड बातमी?" सून हसली. मला ठाऊक होतं की गेले बारा दिवस ती रोज प्रोजेस्टेरॉनचं तेलातलं इंजेक्शन कमरेखाली घेते आहे आणि तिला एका कुशीवर झोपता येत नाही. सुई लांब असते, तेल दाट असतं, जागोजागी गाठी धरतात. कोमट पाण्याने शेकायचं, बाजू बदलत राहायची. लालसर चट्टा पसरला, ताप आला, अंगाला खाज सुटली तर मात्र शेकत बसायचं नाही, दवाखाना गाठायचा.

प्रोजेस्टेरॉनचा सगळ्यात निष्ठुर परिणाम वेगळाच आहे. छाती जड होते, पोट फुगतं, मळमळतं, दिवसा गुंगी येते. नेमकी दिवस गेल्याची लक्षणं. बाई आशेवर तरंगते. चौदा दिवसांनी रक्ताचा अहवाल नाही म्हणून येतो आणि ती म्हणते, "मग मला वाटत होतं ते काय होतं?" ते औषध होतं. हे आधी सांगितलेलं असेल तर दुःख कमी होत नाही, पण स्वतःच्या शरीराने फसवलं ही भावना तरी मागे राहत नाही.

तसंच घरच्या घरी तपासायच्या किटचं. मी किट देण्याआधी विचारते, बीज फुटण्याचं इंजेक्शन कधी घेतलं? त्या इंजेक्शनातच एचसीजी हे गर्भारपणाचं संप्रेरक असतं, किट तेच शोधतं. दहा-बारा दिवसांच्या आत तपासलं तर दोन रेघा उमटू शकतात आणि पेढे वाटून झाल्यावर तिसऱ्या दिवशी पाळी येते.

8 फेब्रुवारी

आज पुरुषांचं पान. लग्नाला चार वर्षं झालेला एक उमदा गडी, दंड असे की शर्टाची बाही उसवलेली. बायकोच्या तपासण्या तीनदा झाल्या, याची एकदाही नाही. शेवटी डॉक्टरांनी दटावून वीर्य तपासलं, शुक्राणू शून्य. जिममध्ये कुणीतरी दिलेली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं तो वर्षभर घेत होता, ताकद वाढावी म्हणून.

बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदू अंडकोशांना हुकूम देणं बंद करतो. शुक्राणू बनायचे थांबतात. बंद केल्यावर बहुतेकांचे परत येतात, पण महिने जातात, काहींना वर्षाहून जास्त. कोल्हापूर, निपाणी, चिक्कोडी हा सगळा तालमींचा मुलूख. दूध, बदाम, जोर-बैठका यांनी शरीर कमावणाऱ्या या भागात आता बारक्या बाटल्या फिरतात, आणि त्यांच्यावर चिठ्ठी कुणी मागत नाही. मूल न होण्याच्या जवळजवळ निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडचं कारण एकटं किंवा जोडीने असतं. तरी औषधांचा आणि शिव्यांचा मारा बाईवर.

तो विचारत होता, "मग आता मूल होईल का?" म्हटलं, आधी ते बंद करा, मग डॉक्टरांनाच विचारा, आणि बायकोला आज घरी जाऊन स्वतः सांगा.

12 फेब्रुवारी, माघी पौर्णिमा

सौंदत्तीच्या डोंगरावर आज यल्लम्माची मोठी गर्दी. हमरस्त्याने गाड्या भरून चालल्या आहेत, उदं गं आई उदंचा गजर दुकानात ऐकू येतो. मूल व्हावं म्हणून बोललेले नवस फेडायला जाणाऱ्या कितीतरी. फ्लास्कमध्ये बर्फाच्या पिशवीशेजारी इंजेक्शन ठेवून एक जोडपं निघालं होतं. त्यांना फक्त एवढं सांगितलं की बाटली बर्फाला टेकू देऊ नका, गोठली तर औषध गेलं. दोन ते आठ अंशांत ठेवायची, आणि जिथे मुक्काम कराल तिथल्या फ्रिजची खात्री करा. श्रद्धेवर मी बोलत नाही.

बाटलीतल्या औषधाची मुळंही एका धर्मस्थळाशी जाऊन भिडतात. पाळी गेलेल्या स्त्रियांच्या लघवीत अंडाशयाला चेतवणारं संप्रेरक भरपूर असतं. ते गोळा करायचं तर एका ठिकाणी राहणाऱ्या, औषधं न घेणाऱ्या अनेक वृद्ध स्त्रिया हव्या होत्या. इटलीतल्या मठांमधल्या जोगिणींनी ते दिलं. पिएत्रो दोनिनी या शास्त्रज्ञाने ते शुद्ध केलं, ब्रुनो लुनेनफेल्ड या डॉक्टरांनी इस्रायलमध्ये वापरलं आणि 1962 मध्ये त्या औषधाने पहिलं बाळ जन्माला आलं. कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखर्जींनी 1978 मध्ये भारतातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बाळाच्या, दुर्गाच्या जन्मासाठी हेच संप्रेरक वापरलं होतं. त्याच वर्षी इंग्लंडात जन्मलेल्या जगातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बाळाच्या, लुईस ब्राउनच्या आईला मात्र असं औषध दिलेलं नव्हतं. तिचं नैसर्गिक चक्रातलं एकच बीज घेतलं होतं.

एका बीजाऐवजी दहा-पंधरा बीजं वाढवणं ही या औषधाची ताकद. धोकाही त्याच ताकदीतून येतो.

17 फेब्रुवारी

संध्याकाळी खडकलाटची एक सासू आली. "पाणी उतरायची गोळी द्या."

"कुणाला?"

"सुनेला. पोट टम्म फुगलंय. ग्यास झालाय नुसता."

"मुलाची ट्रीटमेंट चालू आहे काय?"

"व्हय. चार दिवसांमागं बीजं काढली कोल्हापुरात. लई निघाली म्हणत होते."

विचारलं, सकाळपासून लघवीला किती वेळा गेली? एकदा, तीही थोडी, पिवळीजर्द. कपडे? कालची सलवार आज बसेना. झोपता येतं? उताणं झोपली की धाप लागते, भिंतीला टेकून बसली आहे. वय सव्वीस, अंगाने बारीक, पीसीओएस आहे. मी गोळी दिली नाही. म्हटलं, मावशी, रिक्षा करा, सुनेला घ्या आणि लगेच डॉक्टरांकडे जा, निघायच्या आधी त्यांना फोन करा. सासू चिडली. एका गोळीसाठी एवढं कशाला, म्हणाली. मी काउंटरच्या बाहेर आले, तिचा हात धरला आणि मुलाला फोन लावायला लावला.

याला अंडाशयाचं अतिउद्दीपन म्हणतात, डॉक्टर ओएचएसएस म्हणतात. बीज पक्व करायला दिलेल्या एचसीजीने फुगलेली अंडाशयं असा एक पदार्थ सोडतात की रक्तवाहिन्या पाझरू लागतात. रक्तातलं पाणी पोटात, कधी फुप्फुसांभोवती साचतं. बाहेरून बाई फुगलेली दिसते, आतून तिच्या रक्तवाहिन्या कोरड्या पडत असतात. रक्त दाट होतं, गुठळी व्हायची भीती असते. अशा वेळी लघवीची गोळी दिली तर उरलंसुरलं पाणीही निघून जातं आणि रक्त आणखी दाट होतं. घरात गोळी पोचली असती, या विचाराने अजून अंगावर काटा येतो.

सौम्य त्रास पुष्कळ जणींना होतो आणि आपोआप उतरतो. तीव्र प्रकार शंभरात एकदोघींना. धोका कुणाला जास्त ते आधी कळतं: तरुण, सडपातळ, पीसीओएस, एएमएच (बीजांच्या साठ्याची तपासणी) जास्त, बीजं खूप. तिच्यासाठी मात्रा कमी ठेवता येते, एचसीजीऐवजी दुसरं इंजेक्शन वापरता येतं, कॅबरगोलिन देता येतं. गर्भ गोठवून ठेवून पुढच्या एखाद्या महिन्यात सोडता येतो, कारण त्याच महिन्यात दिवस गेले तर शरीराचं स्वतःचं एचसीजी हा त्रास वाढवतं आणि लांबवतं. एवढी साधनं हाताशी असताना कुणी या दुखण्याने गंभीर होणं मला सहन होत नाही.

19 फेब्रुवारी

खडकलाटची सून दाखल आहे. पोटातलं पाणी काढलं, रक्त पातळ राहायची इंजेक्शनं चालू आहेत. मुलाने फोन करून सांगितलं. आज ती बोलते आहे, थोडं जेवली.

एक मोठा कागद घेतला आणि मार्करने लिहायला बसले. मूल होण्याच्या औषधांवर असताना एका दिवसात किलोभर वजन वाढलं, लघवी कमी झाली, धाप लागली, पोटरी दुखून सुजली, नजरेत चमका आल्या, उलट्या थांबेनात, तर गोळी मागायला येऊ नका, दवाखान्यात जा. खाली कन्नडमध्ये तेच. कन्नड मजकूर शाळेतल्या बाईंकडून तपासून घेतला.

23 फेब्रुवारी

परवा बेळगावजवळ बसमध्ये भाषेवरून कंडक्टरला मारहाण झाली, मग चित्रदुर्गात महाराष्ट्राच्या एसटीवर हल्ला झाला, आणि दोन्हीकडच्या गाड्या बंद पडल्या. सीमेवर आमचं आयुष्य हे असं. निपाणीहून कोल्हापूर चाळीस किलोमीटर, बेळगाव पंच्याहत्तर. जून 2023 पासून शक्ती योजनेत बायकांना कर्नाटकाच्या बसने बेळगावला फुकट जाता येतं, तरी नातेवाईक कोल्हापुरात, डॉक्टरची ओळख कोल्हापुरात, म्हणून पुष्कळ जणी तिकडेच उपचार घेतात.

बेनाडीच्या एका बाईने काल रात्री साडेनऊला बीज फुटण्याचं इंजेक्शन घेतलं आहे. बीजं काढायची ती बरोबर चौतीस ते छत्तीस तासांनी, म्हणजे उद्या सकाळी साडेनऊच्या आत. उशीर झाला तर बीजं आपोआप सुटून जातात आणि महिनाभराची सुई, सोनोग्राफी, कर्ज काढून भरलेले पैसे, सगळं वाया. इंजेक्शनाला गाडी बंद असल्याचं कळत नाही. नवरा दुपारभर वाहन शोधत होता. शेवटी भाजीच्या टेम्पोवाल्या भावकीतल्या माणसाने आज संध्याकाळीच नेऊन सोडतो म्हटलं. कोल्हापुरात मावशीकडे मुक्काम.

ज्यांनी त्या बसमध्ये हात उगारला आणि ज्यांनी एसटीवर हात टाकला, त्यांच्यापर्यंत बेनाडीच्या बाईचे छत्तीस तास पोचावेत असं मनापासून वाटतं.

1 मार्च, बेळगाव

घाऊक औषधांच्या खरेदीला आले होते. गाडीत एक जुना निबंध पुन्हा वाचला. ऑक्टोबर 2006 मध्ये लॅन्सेटमध्ये छापलेला, बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या डॉक्टरांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर केलेल्या कामाचा. 2002 ते 2005, बेळगाव जिल्ह्यातली खेडी, 1,620 बाळंतिणी. बाळंतपणानंतर रक्तस्राव होऊ नये म्हणून मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या देऊन बघायच्या. गोळ्या देणाऱ्या उपकेंद्रांवरच्या नर्सबाई. रक्त अंदाजाने सांगायचं नाही, खुणा केलेलं प्लास्टिकचं कापड बाळंतिणीखाली पसरून मोजायचं. रक्तस्रावाचं प्रमाण 12 टक्क्यांवरून 6.4वर आलं. दर अठरा जणींमागे एकीचा रक्तस्राव टळला. जगभरच्या खेड्यांत पुढे ही गोळी वापरली गेली, त्यात या निबंधाचा मोठा वाटा आहे.

मला त्यातली सगळ्यात मोलाची ओळ वाटते ती दुष्परिणामांची. गोळी घेतलेल्या बायकांना थंडी आणि ताप जास्त आला, थोडा वेळ टिकला, आणि ते छापलं आहे. कंदिलाच्या उजेडात बाळंतपण करणाऱ्या नर्सबाईने एका बाईचं थंडीने काकडणंही नोंदलं. म्हणजे इथे, आपल्याच खेड्यांत, हे होऊ शकतं हे सिद्ध झालेलं आहे. मग मूल होण्याच्या औषधांबाबत का होत नाही? खासगी दवाखान्यांत यशाचे आकडे फलकावर रंगवतात. किती जणींना चक्कर आली, किती जणी दाखल झाल्या, याचा फलक मी कुठे पाहिलेला नाही.

साधन आहे. 2010 पासून देशात औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणारी यंत्रणा आहे, मुख्य केंद्र गाझियाबादला. रुग्ण स्वतः तक्रार करू शकतो, 1800-180-3024 या नंबरावर पैसे न पडता. रुग्णांसाठीचा फॉर्म मराठीतही आहे, कन्नडमध्येही. आमच्या गिऱ्हाइकांत एकीलाही हे माहीत नव्हतं.

6 मार्च

आज दोघींनी एकाच दिवशी विचारलं, "या औषधांनी पुढं जाऊन कॅन्सर होतो का?" 1994 मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात वर्षभर किंवा त्याहून जास्त क्लोमिफिन घेतलेल्यांत अंडाशयाच्या गाठींचा धोका वाढलेला दिसला होता. पुढे 2009 मध्ये डेन्मार्कच्या 54,362 स्त्रियांच्या अभ्यासात या औषधांमुळे अंडाशयाचा कर्करोग वाढतो असा पटण्याजोगा पुरावा मिळाला नाही. मूल न होणं हेच काही स्त्रियांत त्या रोगाचा धोका थोडा वाढवतं, त्यामुळे औषधाचा दोष वेगळा काढणं कठीण जातं. म्हणून डॉक्टर क्लोमिफिन साधारण सहा चक्रांपलीकडे नेत नाहीत.

एक जण म्हणाली, "माझं हे दहावं." चिठ्ठ्या दोन वेगवेगळ्या दवाखान्यांच्या, एक सीमेच्या अलीकडचा, एक पलीकडचा. पहिल्याने किती दिल्या ते दुसऱ्याला माहीत नाही. तिला सगळ्या चिठ्ठ्या एका पिशवीत घालून उद्याच दाखवायला सांगितलं. वहीत हे पान लाल शाईने लिहिलं.

आणि मशेरी. ही विचारावीच लागते, आमच्याकडे तंबाखू घराघरात आहे. सिगारेट ओढणाऱ्या बायकांची पाळी एक ते चार वर्षं आधी जाते, बीजांचा साठा लवकर आटतो. मशेरीतही तंबाखूच आहे. दोन लाखांचे उपचार घ्यायचे आणि सकाळी मशेरी लावायची, हे थांबवायला मात्र पैसे लागत नाहीत. सुटायला जड जाते, हे मी घरातच पाहिलं आहे, म्हणून रागावत नाही, मागे लागते.

10 मार्च

हुक्केरीकडची एक बाई. "तली तिरगतैती री," म्हणजे डोकं गरगरतंय, एवढंच म्हणाली आणि बाकावर बसली. मेटफॉर्मिन 500 दिवसातून तीनदा, पहिल्या दिवसापासून पूर्ण मात्रा, वर जुलाब. जेवणाबरोबर घ्यायची, हळूहळू वाढवायची, हे तिला सांगितलेलंच नव्हतं. तिच्या डॉक्टरांनी फोनवर लगेच मात्रा कमी केली. दुष्परिणामाच्या तक्रारीचा फॉर्म कन्नडमध्ये तिने स्वतः भरला, माझ्या काउंटरवर बसून, अगदी सावकाश, आणि खाली पूर्ण नावाची सही केली.

13 मार्च, होळी

ज्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या माझ्याकडे जास्त येतात ते आज दुकानात आले. भिंतीवरचा कागद वाचला. म्हणाले, "चांगला आहे, पण धाप लागण्याची, पोटरी सुजण्याची ओळ काढा. पेशंट घाबरतात, उपचार अर्धवट सोडतात."

मी वही पुढे केली. खडकलाटचं पान उघडून दिलं. म्हटलं, डॉक्टर, ही घाबरली नव्हती. घाबरायचं असतं हेच तिला ठाऊक नव्हतं. सौंदलग्याचा नवरा दोन दिवस उपाशी राहिला तो सांगितल्यामुळे नाही, न सांगितल्यामुळे. अक्कोळच्या बाईने तीन गोळ्या झाल्यावर सांगितलं, पाचव्यानंतर सांगितलं असतं तर? तुम्ही ज्यांना सांगता त्या परत तुमच्याकडेच येतात. ज्यांना कुणी सांगत नाही त्या माझ्याकडे ग्यासची गोळी मागायला येतात.

ते पानं चाळत राहिले. मध्येच एका पानावर थांबून विचारलं, ही कुठली, हिची मात्रा कुणी ठरवली. मग खिशातून पेन काढलं. म्हणाले, ओळ राहू दे, पण खाली रात्री कुठे फोन करायचा ते नाही, ते घाला. आपल्या दवाखान्याचा रात्रीचा नंबर त्यांनी स्वतः लिहिला, आणि दोन्ही भाषांतल्या पन्नास प्रती दवाखान्यासाठी मागितल्या. पहिल्या चिठ्ठीबरोबरच देतो म्हणाले.

झेरॉक्सवाला धुळवडीमुळे उद्या बंद. परवा सकाळी काढते.